इंजिन 'फ्लड' होणं म्हणजे इंजिनात पाणी शिरणं नव्हे

मा. संपादक,
स.न.वि.वि.

मागच्या रविवारच्या पुरवणीत पावसाळ्यात गाडीची काळजी कशी घ्यावी म्हणून एक चौकट आली होती. सात-आठ टिपा होत्या, वायपरचं रबर बदला, टायरची नक्षी बघा वगैरे, ते सगळं ठीकच आहे. पण पाचवी टीप अशी की इंजिन फ्लड झालं असेल तर अ‍ॅक्सिलरेटर चार-पाच वेळा जोरात दाबा आणि लांब सेल्फ मारा, गाडी चालू होईल. आणि त्या टिपेला फोटो कुठला लावलाय, तर गुडघाभर पाण्यात उभी असलेली गाडी, खाली ओळ की 'इंजिन फ्लड झाल्यास घाबरू नका'. म्हणजे टीप एका रोगाची (पेट्रोल जास्त होण्याच्या), फोटो दुसऱ्या रोगाचा (पाणी शिरण्याच्या), आणि गंमत म्हणजे ती टीप पहिल्या रोगालासुद्धा धड लागू पडत नाही.

एरवी पेपरातल्या चुका मी लाल पेनानं गोल करतो आणि रद्दीत टाकतो, 31 वर्षं विज्ञान शिकवलं त्याची ही खोड. ही चूक सोडता आली नाही कारण आमच्या शेजारचा पोरगा, जो टुरिस्टची गाडी चालवतो, त्यानं त्या चौकटीचा मोबाईलवर फोटो काढून ठेवला होता आणि मंगळवारी तो ती टीप वापरायला निघाला होता.

झालं असं की पाहुणे सोडून तो वाईहून परत येत होता, पाऊस चार दिवस थांबलेला नव्हता, कृष्णेला पाणी आलेलं, आणि एका फरशी पुलावर पाणी फूटभर होतं म्हणून यानं गाडी घातली. समोरून टेम्पो आला, त्याची लाट बॉनेटवरून गेली आणि गाडी जाग्यावर बंद. चार जणांनी ढकलून बाहेर काढली. मग याचा मला फोन, "सर, इंजिन फ्लड झालंय, पेपरात आलंय तसं करू का?" म्हणलं अरे बाबा, चावी काढून खिशात ठेव, कशाला हात लावू नको, आलोच.

वाईला माझे एक जुने मिस्त्री आहेत, त्यांना घेऊन गेलो. त्यांनी आधी एअर फिल्टरचं झाकण उघडलं, आतला कागद पापडासारखा ओला. मग पेट्रोल पंपाचा फ्यूज काढला, कॉईल काढल्या, चारही प्लग खोलले, आणि मग पोराला म्हणाले आता मार सेल्फ. तिसऱ्या भोकातून पाण्याची जी पिचकारी उडाली ती थेट बॉनेटच्या आतल्या बाजूला जाऊन आदळली, मागोमाग दुसऱ्यातून थोडी. पोरगं पांढरं पडलं. प्लग बसवलेले असताना त्यानं एक जरी सेल्फ मारला असता तर ते पाणी जायला वाट नव्हती.

हे मी वर्गात शिकवायचो तसं सांगतो. हवा दाबली जाते, पाणी दाबलं जात नाही. माझ्याकडे जी जुनी छोटी गाडी आहे (796 सीसी, तीन सिलिंडर, नाव सांगायची गरज नाही, मराठी माणूस आकड्यावरनं ओळखतो) तिच्या एका सिलिंडरचं माप साधारण 265 मिली. पिस्टन वर आला की ती सगळी हवा जवळपास एक नवमांश जागेत दाबली जाते, म्हणजे वर उरते ती 30-35 मिलीची जागा. खोकल्याच्या औषधाच्या बाटलीचं टोपण 10 मिलीचं असतं, अशी साडेतीन टोपणं पाणी जर सिलिंडरमध्ये असेल तर पिस्टन वर जाऊच शकत नाही, आणि खालून सेल्फ रेटतोय, मग वाकणार कोण तर पिस्टनला खालून रेटणारा मधला कनेक्टिंग रॉड. इंजिन चालू असतानाच पाणी ओढलं गेलं तर अजूनच वाईट, रॉड ब्लॉक फोडून बाहेर आलेले मी बघितलेत.

26 जुलै 2005 ला मुंबईत सांताक्रूझला 24 तासांत 944 मिमी पाऊस पडला तेव्हा माझ्या भाच्याची गाडी कुर्ल्यात बुडली होती. पाणी ओसरल्यावर त्यानं सीट वाळवल्या, गाडी वरून कोरडी दिसली, मारला सेल्फ. 'टक' असा एकच आवाज आला म्हणे. इंजिन खोलून रॉड बदलण्यात त्याचं जे काही गेलं त्यात त्या काळी एक बरी सेकंडहँड गाडी आली असती, आणि विम्यातनं काही मिळालं नाही. साध्या पॉलिसीत हे नुकसान बहुतेक बसत नाही हे त्याला तेव्हा कळलं, आता त्यासाठी इंजिन प्रोटेक्टचं कव्हर वेगळं घ्यावं लागतं.

तर हे झालं पाण्याचं. आता 'फ्लड' या शब्दाचं.

इंजिन फ्लड झालं असं गॅरेजमध्ये जेव्हा म्हणतात तेव्हा पाण्याचा काही संबंध नसतो. पेट्रोल जास्त झालेलं असतं. आमच्याकडचे मिस्त्री 'पेट्रोल ओव्हर झालं' किंवा नुसतं 'ओव्हर झाली गाडी' म्हणतात आणि तो शब्द मला इंग्रजीपेक्षा बरा वाटतो, निदान कोण ओव्हर झालंय ते तरी कळतं. तुमच्या चौकटीत हाच शब्द वापरला असता तर पूर आलेल्या रस्त्याचा फोटो लावायची बुद्धी कोणाला झाली नसती.

पेट्रोल पातळ असताना जळत नाही, त्याची वाफ हवेत मिसळली की जळते, एक ग्रॅम पेट्रोलला साधारण 14.7 ग्रॅम हवा हे त्याचं प्रमाण. थंडीत पेट्रोलची नीट वाफ होत नाही, निम्मं थेंब होऊन मॅनिफोल्डच्या (इंजिनात हवा नेणाऱ्या नळीच्या) भिंतीला चिकटून बसतं, म्हणून सुरुवातीला जास्त पेट्रोल द्यावं लागतं, जुन्या गाडीत त्यासाठी चोक ओढायचा, नव्या गाडीत कॉम्प्युटर आपोआप देतो. इथपर्यंत सगळं बरोबर. पण त्याच वेळी करंट कमजोर असला, म्हणजे प्लगची ठिणगी बारीक पडत असली, तर ते जास्तीचं पेट्रोल जळत नाही, प्लगवर बसतं, प्लग ओला झाला की ठिणगी अजूनच पडत नाही, माणूस पुन्हा सेल्फ मारतो, पुन्हा पेट्रोल येतं, आणि दहा मिनिटांत बॅटरी डाऊन, प्लग पेट्रोलमध्ये आंघोळ केलेले, आणि अख्ख्या आळीत वास.

माझी गाडी 1990 चं मॉडेल, कार्बोरेटरची (हवेत पेट्रोल मिसळून इंजिनाला देणारा जुन्या गाड्यांमधला भाग). पाचगणीत राहतो, साधारण 1300 मीटर उंची, जुलैमध्ये इथे आठ-आठ दिवस सूर्य दिसत नाही, ढग खिडकीतून घरात येतात. आम्ही पावसाच्या बाजूच्या भिंतींना गवत आणि प्लास्टिकचा आडोसा बांधतो, आणि गाडीला मात्र नुसतं पत्र्याचं छप्पर. दरवर्षी जुलै लागला की सकाळी गाडी ओव्हर व्हायची. दोन वर्षं मी कार्बोरेटर साफ करून घेत होतो, एकदा तर अख्खा बदलला, चार दिवस बरी चालली कारण त्या चार दिवसांत ऊन होतं.

मग एकदा वाईच्या मिस्त्रींना वर बोलावलं. त्यांनी कार्बोरेटरला हातच लावला नाही. आधी बॉनेट उघडून नाक आत घातलं आणि म्हणाले, "मास्तर, आधी वास घ्या. पाण्याला वास नसतोय, पेट्रोलला असतोय." मग म्हणाले संध्याकाळपर्यंत थांबा. मला वाटलं चहा-जेवणाचा बेत दिसतोय. तर नाही, अंधार पडल्यावर त्यांनी छपराखालचा दिवा बंद करायला लावला, मला आत बसवलं आणि सेल्फ मारायला सांगितलं, आणि मग हाक मारून म्हणाले आता तुम्ही या बघायला, आत वहिनींना बसवा. बघतो तर काय, डिस्ट्रिब्युटरच्या (एकेका प्लगला करंट वाटणारा भाग) कॅपवरनं आणि प्लगच्या वायरींवरनं बारीक निळे किडे सरपटावेत तसा करंट पळत होता. चिरचिर आवाज. कॉईल 12 व्होल्टचे हजारो व्होल्ट करते ते प्लगपर्यंत जायच्या आधीच ओल्या कॅपवरनं इंजिनच्या बॉडीला उतरत होते. प्लगला काय मिळणार, शिळंपाकं.

कॅप काढून आतनं दाखवली त्यांनी. दोन पितळी टोकांच्या मधे पेन्सिलनं ओढावी तशी एक काळी रेघ, केसापेक्षा जाड नाही. ओलाव्यावरनं करंट एकदा घसरला की जाताना तिथं कोळशाची वाट करून ठेवतो, आणि मग पुढच्या वेळेला ओलावा नसला तरी त्याच वाटेनं जातो, पायवाटेचं कसं असतं तसं. ती रेघ घासून जात नाही, नखानं खरवडली तरी दुसऱ्या दिवशी परत, कॅपच बदलायची. कॅप आणि तिच्या आत फिरणारा रोटर मिळून जी किंमत झाली ती मी कार्बोरेटरला घातलेल्या पैशाच्या मानानं चिल्लर होती, हे मी घरात बरेच दिवस सांगितलं नाही.

नवीन कॅप असली तरी आतून घाम येतोच, धुक्यात गाडी उभी राहिली की पाऊस न लागताही आत दव धरतं. त्यावर माझा इलाज असा की सौ.च्या भाकऱ्या झाल्या की तवा गॅसवरनं खाली उतरवायचा, हात सहन होईल इतका निवला की त्यावर जुनं फडकं आणि फडक्यावर कॅप उपडी, दहा मिनिटं. पेटलेल्या गॅसवर अजिबात नाही, कॅप वितळते आणि तवाही हातचा जातो. त्या पाणी हटवणाऱ्या स्प्रेचा डबा असेल तर तेही चालतं, डब्ल्यूडी-40 या नावातल्या डब्ल्यूडीचा अर्थच मुळी पाणी हटवणं असा आहे, पण स्प्रे मारल्यावर तो उडून जाईपर्यंत सेल्फ मारू नका, त्याच्या वाफा पेट घेतात. हा त्रास काही आपल्याच गाड्यांना नाही, 1959 साली इंग्लंडात मिनी नावाची जी छोटी गाडी आली तिचा डिस्ट्रिब्युटर पुढच्या जाळीच्या अगदी मागेच होता, पाऊस लागला की गाडी बंद, आणि तिकडचे लोक त्यावर रबरी हातमोजा चढवायचे, बोटांमधून वायरी बाहेर काढून. मी करून बघितलंय, दिसायला भुताटकी दिसते पण काम होतं.

अजून एक गोष्ट घाटावरच्या लोकांसाठी. पाचगणीला हवेचा दाब समुद्रसपाटीपेक्षा 14-15 टक्के कमी, आणि खाली वाईच्या मानानंसुद्धा सहा-सात टक्के कमी. कार्बोरेटरला हे कळत नाही, हवा विरळ झाली तरी तो पेट्रोल त्या मानानं कमी करत नाही. म्हणजे वाईत कानाला गोड लागेल असं ट्युनिंग करून दिलेली गाडी पसरणीचा घाट चढून वर आली की आपोआप पेट्रोलला भारी होते, काळा धूर, आयडलिंगला डुलक्या, आणि सकाळी ओव्हर. मी ट्युनिंग वरच करून घेतो, मिस्त्री कुरकुर करतात, पण येतात. मुंबई-पुण्याच्या जुन्या गाड्या पावसाळ्यात महाबळेश्वरला येऊन सकाळी हॉटेलच्या दारात बंद पडतात आणि मालक 'काल तर मस्त चालत होती' म्हणतात त्यातलं अर्धं कारण हे.

आता तुमच्या टिपेकडे येतो. कार्बोरेटरच्या गाडीत अ‍ॅक्सिलरेटर चार-पाच वेळा दाबला की काय होतं, कार्बोरेटरमध्ये एक छोटा पंप असतो तो प्रत्येक दाबाला पेट्रोलची एक एक चूळ टाकतो. ओव्हर झालेल्या गाडीत अजून पाच चुळा. हे म्हणजे जुलाब लागलेल्याला एरंडेल पाजायचं. खरं करायचं असतं ते असं की चोक पूर्ण आत ढकलायचा, अ‍ॅक्सिलरेटर हळूहळू एकदाच तळाला टेकवायचा आणि तिथंच धरून ठेवायचा, उचलायचा नाही, आणि मग सेल्फ. पूर्ण उघड्या झडपेतून भरपूर हवा आत जाते आणि साचलेलं पेट्रोल बाहेर फेकते. सेल्फ आठ-दहा सेकंदांच्या वर नाही, मग अर्धा मिनिट थांबायचं, नाहीतर सेल्फची मोटर तापते आणि बॅटरी बसते. आणि बॅटरी बसली की करंटही बसतो, कारण कॉईलचं आणि सेल्फचं जेवण एकाच ताटातलं, सेल्फनंच सगळं खाल्लं तर कॉईलला काय उरतं. दोन-तीन वेळा करून नाही झाली तर नाद सोडा, प्लग काढा, पुसा, वाळवा, पंधरा-वीस मिनिटं भोकं उघडी ठेवा. पावसाळ्यातल्या गार हवेत पेट्रोल लवकर उडत नाही म्हणून उन्हाळ्यापेक्षा जास्त थांबावं लागतं. या वेळात जवळपास काडी, बिडी, उदबत्ती काही नको. आमच्या इथं एकानं आत काय दिसतंय म्हणून लायटर पेटवला होता, त्याच्या भुवया नंतर आल्या, पण वेगळ्याच आकारात आल्या.

कार्बोरेटरमधली पेट्रोल अडवणारी निडल खराब असणं, पेट्रोलवर तरंगणारा फ्लोट भोक पडून जड होणं ही कारणंसुद्धा असतात, नाही असं नाही. पण ती असतील तर गाडी उन्हातही ओव्हर होते, उभ्या गाडीला कार्बोरेटरवर पेट्रोल पाझरलेलं दिसतं. फक्त पावसातच होत असेल तर आधी करंट बघा, मग पेट्रोल. मी उलटं केलं म्हणून दोन वर्षं गेली.

आता कोणी म्हणेल सर, कार्बोरेटर कोणाकडे राहिलाय, आता सगळं एमपीएफआय, म्हणजे कॉम्प्युटर इंजेक्टरमधून मोजून पेट्रोल फवारतो. बरोबर आहे. पण नवी गाडी ओव्हर होत नाही असं ज्यांना वाटतं त्यांच्यासाठी माझ्या मुलाचं सांगतो. तो पुण्याहून गेल्या जुलैत आला, गाडी तीन वर्षांची. रात्री साडेदहाला पाऊस वाढला म्हणून त्यानं गाडी चालू केली, दहा-बारा फूट पुढे घेऊन छपराखाली लावली आणि बंद केली. सगळं मिळून पंधरा सेकंद. सकाळी गाडी चालूच होईना, सेल्फ छान फिरतोय, पेट्रोल निम्मी टाकी, आणि सायलेन्सरला भपकारा. हा मोबाईलवर कंपनीच्या हेल्पलाइनला बसला, ते टो करून नेतो म्हणाले.

थंड इंजिन चालू होताना कॉम्प्युटर भरपूर पेट्रोल देतो, ते जळून प्लग तापायच्या आतच आपण बंद केलं की ते ओलंच राहतं. म्हणून नुसती जागा बदलायला गाडी चालू केली तर मग पाच-सात मिनिटं चालू राहू द्या किंवा एक चक्कर मारून या, सोसायटीच्या पार्किंगमध्ये रोज गाड्या मागंपुढं करणाऱ्या वॉचमनना हे कोणी सांगत नाही. तर मुलाला म्हणलं उतर खाली, मी बसतो. क्लच दाबला, अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण तळाला, धरून ठेवला, सेल्फ. एमपीएफआय गाडीत सेल्फच्या वेळी अ‍ॅक्सिलरेटर तळाला असला की बहुतेक गाड्यांचा कॉम्प्युटर समजतो की मालकाला सिलिंडर कोरडे करायचेत, आणि तो इंजेक्टर बंद ठेवतो, नुसती हवा आत जाते. दुसऱ्या सेल्फला खोकली, तिसऱ्याला काळा धूर टाकून चालू. मुलगा म्हणाला बाबा हे मॅन्युअलमध्ये आहे का. म्हणलं मॅन्युअल तुझ्याच डिकीत आहे, प्लास्टिकसुद्धा फाडलेलं नाहीस.

हे वारंवार होत असेल तर मात्र बघायला हवं. इंजिन थंड ठेवणाऱ्या पाण्याचं तापमान सांगणारा एक सेन्सर असतो, बोटाच्या पेराएवढा, तो बिघडला की इंजिन गरम असतानाही कॉम्प्युटरला सांगतो की बाहेर सियाचीन आहे, आणि कॉम्प्युटर बिचारा पेट्रोल ओततो. किंवा एखादा इंजेक्टर रात्रभर टिपकत असतो. सेन्सर स्वस्त, इंजेक्टरचा सेट महाग, तेव्हा कोणी पहिल्याच दिवशी सेट बदला म्हणालं तर आधी स्कॅनर लावून तापमान किती दाखवतंय ते आपल्या डोळ्यांनी बघा, रात्रभर उभ्या गाडीचं ते बाहेरच्या हवेइतकंच दाखवलं पाहिजे.

आणि नव्या गाडीला धक्का मारून चालू करायच्या फंदात पडू नका, ओव्हर झालेली असताना तर नाहीच. न जळलेलं पेट्रोल सायलेन्सरमधल्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये (धूर स्वच्छ करणारा भाग) जाऊन पेटतं आणि तो वितळतो, त्याची किंमत ऐकून माणूस थंड पडतो. गाडी बरेचदा ओव्हर झाली असेल तर ऑइलची पट्टी काढून वास घ्या, पेट्रोल पिस्टनच्या रिंगांच्या बाजूनं खाली उतरून ऑइलमध्ये मिसळतं, ऑइल वाढल्यासारखं दिसतं आणि पातळ होतं. वाढलंय म्हणून खूश होणारे बघितलेत. बदला ते. पाणी शिरलेल्या गाडीचं ऑइल दूध घातलेल्या चहासारखं दिसतं, तेही बदला, एकदा नाही, दोनदा.

इथेनॉलचं थोडक्यात. आता पंपावर 20 टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं, इथेनॉलची वाफ व्हायला पेट्रोलपेक्षा जास्त उष्णता लागते आणि ते हवेतला ओलावा ओढून घेतं, त्यामुळे कार्बोरेटरची जुनी गाडी पावसाळ्यात अर्ध्या टाकीवर महिनाभर उभी ठेवू नका, आणि रबराच्या नळ्या, निडलचं टोक वर्षातनं एकदा बघा. यावर भांडणं पुष्कळ चालू आहेत, मला त्यात पडायचं नाही, माझी गाडी त्यावर चालतेय, चोक मात्र पूर्वीपेक्षा जास्त वेळ ओढावा लागतो.

तर संपादकसाहेब, विनंती एवढीच. येत्या रविवारी त्याच पानावर, त्याच जागी, तेवढ्याच मोठ्या चौकटीत दुरुस्ती छापा, आतल्या पानावर जाहिरातींच्या खाली दोन ओळींचा खुलासा नको. गाडी पाण्यात बंद पडली असेल किंवा पाण्यातून येऊन बंद पडली असेल तर सेल्फ मारायचा नाही, चावी काढायची, प्लग खोलल्याशिवाय इंजिन फिरवायचं नाही. आणि गाडी कोरड्यात उभी होती, पेट्रोलचा वास येतोय, सेल्फ मोकळा फिरतोय पण गाडी पकडत नाही, तर ते ओव्हर झालंय, तिथं अ‍ॅक्सिलरेटर तळाला धरून सेल्फ. एकाचं औषध दुसऱ्याला दिलं की इंजिन जातं. फोटो पाहिजेच असेल तर शेजारच्या पोरानं त्या पिचकारीचा व्हिडिओ काढलाय, तो देतो म्हणतोय, नाव छापू नका एवढीच त्याची अट, कारण गाडी मालकाची आहे आणि मालकाला त्यानं अजून सगळं सांगितलेलं नाही.

आपला,
एक निवृत्त शिक्षक, पाचगणी (जि. सातारा)

ता.क. डिझेल गाडीवाल्यांना यातलं पेट्रोलचं काही लागू नाही, तिथं प्लगची ठिणगीच नसते. पाण्याचं मात्र जास्तच लागू आहे. डिझेलचं कॉम्प्रेशन पेट्रोलच्या दीड-दोन पट असतं, म्हणजे पिस्टनच्या वर जागा अजून कमी, तिथं साडेतीन टोपणंसुद्धा लागत नाहीत.